दोष देवनागरीचा की लूपचा?

मराठी मजकुराच्या मोठ्या फाइलवर जावाचा प्रोग्रॅम चालवला आणि तो रेंगाळला, की ‘देवनागरी जड असते’ असं म्हणून आपण मोकळे होतो. त्यात तथ्य आहे, पण फार थोडं. जावा ९ पासून साधा इंग्रजी मजकूर दर चिन्हाला एक बाइट घेतो आणि देवनागरी दोन. आपण एक अक्षर म्हणून वाचतो ते ‘क्षि’ संगणकाच्या हिशेबात चार चिन्हं असतं: क, पाय मोडल्याची खूण, ष आणि वेलांटी. म्हणजे आठ बाइट. एवढ्यानं काम काही पटींनी वाढेल, पण प्रोग्रॅम हजारपट मंदावणार नाही.

खरा वेळ जातो तो ओळी जोडण्यात. जावात स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. शेवटी एक ओळ जोडायची तरी नवी जागा घ्यायची, आधीचं सगळं तिथं उतरवायचं आणि मग ती ओळ लिहायची. दर ओळीला नवी वही घेऊन मागची सगळी पानं पुन्हा लिहून काढण्यासारखंच हे. समजा १०,००० ओळी आहेत, प्रत्येकी ५० चिन्हांच्या. पुरा मजकूर फक्त ५ लाख चिन्हांचा. पण लूपमध्ये अधिक चिन्हानं एकेक ओळ जोडत गेलात तर एकूण नक्कल होते सुमारे २५० कोटी चिन्हांची!

मग कंपायलर हे सुधारत नाही का? काही ठिकाणी सुधारतो, आणि छान सुधारतो. ‘नमस्कार’ आणि ‘मंडळी’ असे दोन ठरलेले शब्द अधिक चिन्हानं जोडले असतील, तर ते प्रोग्रॅम चालण्याआधीच एक होऊन बसतात. नाव, आडनाव, गाव असं एकाच ओळीत जोडलं, तर पूर्वी तो स्वतःच एक स्ट्रिंगबिल्डर बनवून त्यात हे तुकडे ओळीनं टाकायचा. २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून जोडायची नेमकी रीत प्रोग्रॅम चालताना ठरते. म्हणून ‘अधिक चिन्ह कधीच वापरू नका’ हा सल्ला मला तरी पटत नाही. एका ओळीच्या कामाला ते वाचायला सोपं आहे आणि त्यात तोटाही नाही.

लूपमध्ये मात्र हीच हुशारी तोकडी पडते. कंपायलर एकेक वाक्य सुधारतो, परिच्छेद नाही. प्रत्येक फेरीच्या शेवटी त्याला पूर्ण स्ट्रिंग हातात द्यावीच लागते आणि पुढची फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुन्या पद्धतीत तर दर फेरीला नवा स्ट्रिंगबिल्डर बनायचा आणि टाकून दिला जायचा.

तो लूपच्या बाहेर, एकदाच बनवा. त्याची जागा सुरुवातीला १६ चिन्हांची असते आणि भरली की साधारण दुप्पट होते. आपल्या उदाहरणात पंधराएक वेळा बिऱ्हाड हलवावं लागेल. शेवटची स्ट्रिंग धरूनही एकूण नक्कल २० लाख चिन्हांच्या आत राहते. मात्र आत, प्रत्येक फेरीत नवा बनवलात तर काडीचा उपयोग नाही.

(पायथनवाल्यांना हे कधी कधी जाणवतच नाही. तिथल्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये २.४ आवृत्तीपासून काही परिस्थितीत अशी जोडणी झटपट होते. पण ती त्या इंटरप्रिटरची सोय आहे, भाषेचं वचन नव्हे. तिथं तुकडे यादीत जमवून शेवटी जॉइन करणंच बरं.)

आणखी एक. १०० ओळींच्या नमुन्यावर तपासलं तर लूपमधला हा घोळ दिसतच नाही, कारण तेव्हा नक्कल जेमतेम अडीच लाख चिन्हांची असते. ओळी शंभरपट झाल्या की काम दहा हजारपट होतं आणि नेमकी तेव्हाच देवनागरी जड वाटू लागते.