दुबळे केंद्र कोणाला हवे होते?

अमेरिकेच्या तेरा राज्यांनी १७८१ मध्ये जो पहिला करार अमलात आणला, त्यात मध्यवर्ती सरकारला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरावयाचा आणि ती देतील तेवढ्यावर भागवावयाचे! लढलेल्या सैनिकांचे पगारही थकले. अखेर १७८७ साली फिलाडेल्फियात नवी घटना तयार करावी लागली.

आपल्यावरही थोडाबहुत तसाच प्रसंग येऊ घातला होता. १६ मे १९४६ च्या त्रिमंत्री योजनेत केंद्राकडे परराष्ट्रव्यवहार, संरक्षण व दळणवळण एवढेच विषय, आणि त्यांपुरता पैसा उभारण्याची मुभा. फाळणी टळावी म्हणून पुष्कळांनी ही किंमत पत्करली. डॉ. आंबेडकरांनी मात्र १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत स्पष्ट सांगितले की, १९३५ च्या कायद्यातल्याहूनही बळकट केंद्र हवे. १९३० साली आपल्याच काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह मांडणाऱ्या या पुरुषाला, न्याय गावकीच्या मर्जीवर सोडला म्हणजे काय होते, हे कोणी शिकवावयास नको होते, असे आम्हांस वाटते.

३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि तडजोडीचे कारणच उरले नाही. १९५० च्या घटनेत केंद्रसूचीत ९७ विषय आले. शिवाय कोणत्याच सूचीत नसलेले अधिकारही केंद्राकडेच. अमेरिकेत ते राज्यांकडे आहेत. तेथे राज्ये आधीची आणि मध्यवर्ती सरकार त्यांनी मागाहून उभारलेले. आपले प्रांत मुळातच केंद्राच्या छत्राखालचे होते.