देवळालीत डोकं कोणाचं फिरलं?

देवळाली कॅम्पला आपण हवापालटासाठी जातो. गोऱ्या शिपायांची मात्र इथे येऊन डोकी फिरत. 1861 मध्ये लष्कराचा तळ पडला आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इथे पडून राहू लागले. जहाजं सुटत ती साधारण हिवाळ्यात. मार्चमधलं शेवटचं हुकलं की पुढचं थेट दिवाळीनंतर!

तोवर करायचं काय? फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 1936 च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’मध्ये आतली गोष्ट सांगून टाकली आहे. हत्यारं आधीच काढून घेतलेली. अधूनमधून आपलं सामान मांडून दाखवायचं, कधीतरी कूच करून यायचं. बाकी दिवस खायला उठलेला. नोकरीभर एक डाग न लागलेले शिपाई घरी जायच्या तोंडावर भलतंच काही करून बसत आणि तुरुंगात जात. काहींना गुप्तरोग जडत. चक्रम माणसाला इंग्रज ‘डूलॅली’ म्हणतो, ते या गावावरून.

लष्करी डॉक्टर ताप मोजेल, मलेरिया ओळखेल, रिकामपणाने माणूस बिथरतो असंही लिहून देईल. पण त्याला खाटेवर ठेवायचं की कोठडीत? आणि त्याला महिनोन्‌महिने बसवून ठेवणाऱ्या साहेबाचं काय? थर्मामीटर इथे गप्प. 1860 च्या दंड संहितेतल्या कलम 84 नेही वेडाच्या भरातल्या कृत्याला सूट दिली, पण आपण करतोय ते काय आहे, चूक आहे, हे त्याला कळत होतं का, एवढंच विचारलं. म्हणून आपली न्यायालयं आजही वैद्यकीय वेड आणि कायद्यातलं वेड एक धरत नाहीत. मला हे योग्यच वाटतं. शिक्षेची जबाबदारी डॉक्टरच्या सहीमागे लपवता येत नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात हाच ‘आजारी की गुन्हेगार’ प्रश्न जिवावर बेतला. लढाईच्या धक्क्याने मन ढासळण्याला ‘शेल शॉक’ हे नाव 1915 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. त्याच विकारासाठी हॅरी फार हा ब्रिटिश शिपाई पाच महिने इस्पितळात होता. तरी ऑक्टोबर 1916 मध्ये भेकड ठरवून त्याला गोळ्या घातल्या. 2006 मध्ये ब्रिटनने अशा 306 सैनिकांना माफी दिली, तीही सरसकट. नव्वद वर्षांनी एकेकाचा पुरावा तपासणं शक्य नाही, असं सरकारच म्हणालं. म्हणजे माफी मिळाली ती एकही रुग्ण न तपासता. या माफीने दोषसिद्धी किंवा शिक्षा रद्द होत नाही, हेही कायद्यात लिहून ठेवलं. शिवाय माफी देहदंड झालेल्यांपुरती. देवळालीहून तुरुंगात गेलेले त्यात बसत नाहीत.