देहाचें चिलखत



राग गिळणें, कंठ दाटणें, ऊर भरून येणें, दांतओठ खाणें, पोटांत गोळा उठणें, हातपाय गळणें, छातीवर दडपण येणें, हे शब्दप्रयोग आपण दिवसांतून किती वेळां वापरतों, आणि वापरतांना त्यांचा अर्थ किती क्वचित् तपासून पाहतों! यांतील प्रत्येकानें मनाची एक अवस्था सांगितली जाते. पण ती सांगतांना नांव घेतलें जातें तें शरीराचें. आपल्या नाट्यशास्त्रानें स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय असे जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, तेही सारे देहावरच प्रकट होतात. मनांतील क्षोभ देहावर उमटतो, ही गोष्ट त्यामुळें आपणांस नवी नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें निराळ्याच बाजूविषयीं. जो राग गिळला, जें रडूं आवरलें, त्याचें पुढें काय होतें? तें देहांत कोठें अडकून राहतें काय? आणि देहालाच हात घालून तें मोकळें करतां येतें काय?

हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाहीं. अंग चोळून, श्वास जोरजोरानें घ्यावयास लावून, गादीवर बुक्क्या मारावयास सांगून, मनांत साठलेलें दुःख बाहेर काढून देतों असें म्हणणारे लोक आज मोठ्या शहरांतून आढळतात, आणि त्यांच्याकडे जाणारीं माणसें बहुधा खरोखरच दुःखी असतात. अशा माणसाचा पैसा गेला तर एक वेळ जाऊं द्या. पण त्याची आशा तरी योग्य ठिकाणीं गुंतली पाहिजे.

मीं आयुष्याचीं बहुतेक वर्षें शाळेंत काढलीं. वार्षिक निकाल वाचून दाखविला जात असे त्या दिवशीं, ज्याचें नांव उत्तीर्णांत आलें नाहीं असा मुलगा काय करतो, तें मीं अनेकदां पाहिलें आहे. तो प्रथम ओठ घट्ट मिटतो. मग जबडा आवळतो, दोनतीनदां आवंढा गिळतो, दृष्टि आढ्याकडे लावतो, खांदे किंचित् उचलतो आणि श्वास रोखून धरतो. हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें. रडणें ही बहुतांशीं श्वासाचीच क्रिया आहे. हुंदका म्हणजे छातीचा व श्वासपटलाचा आचका. श्वास रोखला, पोट ताणून धरलें, गळा आवळला, कीं हुंदका जागच्या जागीं थांबतो. पांच मिनिटांनीं तो मुलगा खेळावयास पळाला तर कांहीं बिघडलें नाहीं. परंतु "मुलगा असून रडतोस?" हें ज्याला घरीं रोजच ऐकावें लागतें, किंवा ज्या सुनेला दहा माणसांच्या घरांत डोळ्यांतून पाणी काढावयास कोपरा मिळत नाहीं, त्यांच्या अंगांत ही पकड कायमची मुरत असेल काय?

भावना आणि देह यांत आधीं कोण, हा वाद पाश्चात्त्य देशांत जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८८४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, देहांत प्रथम बदल होतो आणि त्या बदलाची जी जाणीव तीच भावना होय. पुढें वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञानें १९२७ सालीं यावर सडकून टीका केली. भीति व क्रोध यांत पोटांतील व हृदयांतील बदल बरेचसे सारखेच असतात, मग त्यांवरून भावना ओळखावी कशी, असा त्याचा एक आक्षेप होता. हा वाद येथेंच सोडूं. कारण रोग्याच्या खाटेपाशीं बसून जो प्रश्न पाहिला गेला, तो अधिक उद्बोधक आहे.

विल्हेल्म राइख याचा जन्म १८९७ सालीं, त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यांतील गॅलिशिया प्रांतांत झाला. १९१० सालीं आईनें आत्मघात केला, १९१४ सालीं वडील वारले, आणि पाठोपाठ महायुद्ध आलें. युद्धांतून परतल्यावर व्हिएन्ना येथें त्यानें वैद्यक शिकून १९२२ सालीं पदवी घेतली. फ्रॉइडच्या मंडळांत तर तो विद्यार्थिदशेंतच शिरला होता. मनोविश्लेषणाची रीत अशी कीं, रोग्यानें कोचावर पडून मनांत येईल तें बोलावें आणि डॉक्टरनें त्याला न दिसेल असें उशाकडे बसून ऐकावें. राइखच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं रोगी महिनेचे महिने बोलतात, सारें सांगतात, आणि तरीही त्यांच्यांत तिळमात्र फरक पडत नाहीं. म्हणून रोगी काय बोलतो याबरोबरच तो कसा बोलतो, हेंही त्यानें पाहावयास आरंभ केला. एकाच्या ओठांवरचें हंसूं बापाच्या मृत्यूची हकीकत सांगतांनाही हलत नाहीं. दुसऱ्याचा स्वर पोस्टाचें दरपत्रक वाचावें तसा सपाट. तिसऱ्याचा विनय असा कीं त्यापुढें प्रत्येक प्रश्न घसरून पडावा. हा स्वभाव म्हणजेच एक चिलखत आहे, तें लहानपणीं आघातांपासून बचाव करण्यासाठीं चढविलें गेलें आणि पुढें उतरविण्याचें राहून गेलें, असा त्याच्या १९३३ सालच्या स्वभाव-विश्लेषणावरील ग्रंथाचा सारांश सांगतां येईल.

त्याच वर्षीं कोपनहेगन येथें त्याच्याकडे एक रोगी होता. त्याचा सारा विरोध मानेंत एकवटलेला. मान अशी ताठ कीं जणूं लोखंडाची. बऱ्याच झटापटीनंतर तो ताठा एकाएकीं सुटला, आणि पुढें तीन दिवस त्या गृहस्थाच्या चेहऱ्याचा रंग पांढरा, पिवळा, निळा असा पालटत राहिला, मानेंत कळा आल्या, हृदय धडधडूं लागलें. राइख चकित झाला. चिलखत ही नुसती उपमा नाहीं, तें स्नायूंतच आहे, असें त्याला वाटूं लागलें. १९३४ सालीं तो नॉर्वेंत गेला, आणि ऑस्लो येथें त्यानें रोग्याच्या समोर बसून, त्याचा श्वास पाहून, प्रसंगीं आवळलेल्या स्नायूवर हातानें दाब देऊन उपचार करण्याची पद्धति बसविली. डोळे, तोंड, मान, छाती, श्वासपटल, पोट आणि कटि अशीं या चिलखताचीं सात आडवीं वलयें त्यानें कल्पिलीं. बरणीला आडवे पट्टे आवळावे तशीं. श्वास सोडतांना जो माणूस छाती पूर्ण खालीं बसूं देत नाहीं, तो कांहीं तरी धरून बसला आहे, ही त्याची मुख्य खूण होती.

यापुढची त्याची कथा खेदजनक आहे. १९३४ सालीं मनोविश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेंतून तो बाहेर काढला गेला. १९३९ सालीं अमेरिकेस गेल्यावर ऑर्गोन नांवाची विश्वव्यापी शक्ति आपणांस सांपडली असें तो म्हणूं लागला, आणि ती शक्ति सांठविण्याच्या पेट्या करून रोग्यांस त्यांत बसवूं लागला. १९५४ सालीं न्यायालयानें त्या पेट्यांवर बंदी घातली. ती मोडल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याचीं पुस्तकें सरकारी हुकुमानें जाळलीं गेलीं, आणि १९५७ च्या नोव्हेंबरांत तो तुरुंगांतच वारला. पुस्तकें जाळणें निंद्यच. पण त्या पेट्यांत अर्थ नव्हता, हेंही तितकेंच खरें. एखाद्याचें एक निरीक्षण पटलें कीं त्याचें सर्व शास्त्र डोक्यावर घ्यावयाचें, आणि एक गोष्ट खोटी ठरली कीं सर्वच उकिरड्यावर टाकावयाचें, या दोन्ही खोडी लोकांत असतात. राइखच्या बाबतींत दोन्ही घडल्या.

त्याचा शिष्य अलेक्झांडर लोवेन यानें न्यूयॉर्क येथें ही परंपरा चालविली. रोग्याला गुडघे किंचित् वांकवून उभें करावें, पाय थरथरूं द्यावे, तिवईवर पाठ मागें टाकून श्वास मोकळा करावा, पाय झाडावे, ओरडूं द्यावें, असे त्याचे प्रकार होते. आजच्या गादी-बुक्क्यांचें मूळ बरेंचसें येथें आहे.

मला मात्र याहून बर्लिनच्या एल्सा गिंडलर या व्यायामशिक्षिकेची वाट अधिक आवडते. त्याही शिक्षकी पेशाच्या, म्हणून पक्षपात म्हणा हवा तर! १८८५ सालीं जन्मलेल्या या बाईंना तरुणपणीं क्षय झाला. आपल्या श्वासाकडे अतिशय बारकाईनें लक्ष देऊन त्या दुखऱ्या फुप्फुसाला विसांवा देण्यास शिकल्या आणि बऱ्या झाल्या. त्यांच्या वर्गांत कवायतीचे हुकूम नसत. उभें राहतांना वजन कोठें पडतें, हात उचलतांना श्वास कां अडतो, एवढेंच विद्यार्थ्यानें स्वतः शोधावयाचें. राइखची सहचरी, नर्तकी एल्सा लिंडनबर्ग, ही त्यांच्याकडे शिकलेली होती. तेव्हां राइखचें देहाकडे लक्ष वळण्यांत या बाईंचाही दूरचा वांटा असावा. १९४५ च्या बाँबवर्षावांत त्यांची शिकविण्याची जागा कागदपत्रांसह नष्ट झाली, आणि त्यांचें नांव शिष्यांपलीकडे फारसें उरलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पेवांत धान्य सांठवावें तशी भावना स्नायूंत सांठते काय? नाहीं. खांद्याचा स्नायु कापून पाहिला तर त्यांत दहा वर्षांपूर्वींचा अपमान सांपडावयाचा नाहीं. अपमानाची आठवण असते मेंदूंत. आणि खांद्याला आवळण्याची आज्ञाही तेथूनच ज्ञानतंतूंच्या वाटेनें येते. कार्नी लँडिस व विल्यम हंट यांनीं माणूस दचकतांना काय होतें याचें वेगवान कॅमेऱ्यानें चित्रण करून १९३९ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पिस्तुलाचा बार ऐकतांच डोळे मिटतात, मान पुढें येते, खांदे वर जातात, पोट आंत आवळतें, गुडघे वांकतात. आणि हें सारें विचार सुचण्यापूर्वींच घडतें. ज्याला घरांतील पायरव ऐकूनच दचकावें लागतें, त्याची ही मुद्रा संवयीची होऊन बसणें अगदीं स्वाभाविक आहे. धोतराची घडी एकदां पडली कीं पुन्हां त्याच रेषेंत पडते, तशी. अडकलेली असते ती भावना नव्हे. अडकलेली असते पकड. आणि पकड ही करावी लागणारी गोष्ट आहे, नकळत कां होईना, क्षणोक्षणीं करावी लागणारी. तिला श्रम पडतात. जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हेन्सन यांनीं १९९३ सालीं कांहीं विद्यार्थ्यांस किळसवाणीं चलच्चित्रें दाखविलीं, आणि त्यांतील कांहींना चेहऱ्यावर कांहींएक दिसूं देऊं नका असें बजावलें. चेहरे शांत राहिले. किळस मात्र कमी झाली नाहीं, आणि त्वचेवरील घामासारखीं आंतील क्षोभाचीं लक्षणें उलट वाढलीं.

मग दडपूं नये, तर स्फोट करावा काय? येथेंच पुष्कळांची गफलत होते. अमेरिकेंत ब्रॅड बुशमन यानें २००२ सालीं सुमारें ६०० विद्यार्थ्यांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रथम त्यांना निबंधावरून मुद्दाम चिडविलें; मग कांहींना चिडविणाराचें चित्र मनांत आणून पोत्यावर ठोसे मारावयास सांगितलें, आणि कांहींना नुसतें स्वस्थ बसविलें. ज्यांनीं ठोसे मारले त्यांचा राग कमी न होतां अधिक राहिला. स्वस्थ बसलेले अधिक निवळले. रागाची तालीम केली तर राग तयार होतो, पाढे घोकले तर पाढे तयार होतात. ओरडून झाल्यावर वाटणारा थकवा हा कित्येकदां केवळ थकवाच असतो.

उपयोग दिसतो तो पकड ओळखण्याचा आणि ती हळूहळू सोडण्याचा. शिकागोच्या एडमंड जेकबसन यानें १९२९ सालीं क्रमाक्रमानें स्नायु शिथिल करण्याची पद्धति ग्रंथरूपानें मांडली, आणि स्नायूंतील सूक्ष्म विद्युत् मोजून, आपण स्वस्थ पडलों आहों असें समजणारा माणूसही किती आवळलेला असतो, हें दाखविलें. आपल्याकडील शवासन याच जातीचें आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनीं रक्तदाबाच्या ४७ रोग्यांस शवासन शिकवून १९६९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुष्कळांस गुण आला, सर्वांस आला नाहीं.

ज्यांना घरीं करून पाहावयाचें असेल त्यांनीं पाठीवर पडावें. एका हाताची मूठ पांचसात सेकंद आवळावी, आवळलेली असतांना ती कशी लागते तें नीट पाहावें, मग एकदम सोडावी आणि अर्धा मिनिट तो फरक नुसता अनुभवावा. मग दुसरा हात, कपाळ, जबडा, खांदे, पोट, पाय. जबडा आणि पोट यांपाशीं घाई करूं नये. बहुतेकांची गांठ तेथें असते. श्वास मुद्दाम खोल घेऊं नये. सोडतांना मात्र तो पूर्ण सुटूं द्यावा. छातींत दुखत असेल तर हें आधीं करावयाचें नाहीं, आधीं डॉक्टरकडे जावयाचें. आपल्या संमतीवांचून अंगाला हात लावणारा, किंवा रडलांत म्हणजेच बरे झालांत असें सांगणारा मनुष्य कितीही विद्वान् दिसला तरी तेथून उठून यावें.

असें पडलें असतां कधीं कधीं रडूं येतें. येऊं द्यावें, तें आणूंही नये आणि अडवूंही नये. नंतर विश्वासाच्या माणसाजवळ दोन शब्द बोलावे, कारण पकड सुटली तरी ज्यासाठीं ती धरली होती तें दुःख शब्दांवांचून बहुधा समजत नाहीं. परंतु युद्ध, अपघात, मारहाण किंवा अत्याचार ज्यांच्या वांट्याला आले आहेत, त्यांना अशा वेळीं जुनें भय एकदम उसळून येण्याचा संभव असतो. तसें झाल्यास डोळे उघडावे, उठून बसावें, पाय जमिनीला टेकवावे, खोलींतील चार वस्तूंचीं नांवें मोठ्यानें घ्यावीं, आणि पुढचें काम एकट्यानें न करतां जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाच्या समोर करावें.