फोनवरचा साहेब

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला. पाठवणाऱ्याचे नाव अदर पूनावाला, म्हणजे कंपनीचे प्रमुखच. सांगितलेल्या खात्यांवर ताबडतोब पैसे भरा, असा आदेश. त्याप्रमाणे १ कोटी १ लाखाहून जास्त रक्कम गेली. पूनावालांनी असा निरोप धाडलाच नव्हता, हे मागाहून कळले. यात पासवर्ड फोडावा लागला नाही. साहेबांचे नाव पुरले.

जगाला लस पुरवणाऱ्या कंपनीचा पैसा सांभाळणारी माणसे अडाणी नसतात. म्हणून ‘शिकलेले लोक फसतातच कसे?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. सोशल इंजिनिअरिंग नावाचा हा हल्ला आपल्या आज्ञाधारकपणावर होतो, आणि तो तर शाळेपासून कचेरीपर्यंत आपल्यात मुरवलेला असतो.

चार्ल्स हॉफलिंग या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या नर्सला फोन येई. अनोळखी आवाज स्वतःला डॉक्टर म्हणवी आणि अमुक रुग्णाला एका औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगे. डबीवर स्पष्ट छापलेले होते की, दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवरच्या तोंडी हुकमाने औषध देण्याला रुग्णालयाची मनाईही होती. तरी २२ पैकी २१ नर्स औषध द्यायला निघाल्या. त्यांना वाटेत थांबवले गेले. औषधही निरुपद्रवी होते. याच प्रसंगाचे नुसते वर्णन ऐकवून दुसऱ्या १२ नर्सना ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारले, तेव्हा १० जणी म्हणाल्या, आम्ही देणार नाही. ‘मी नाही फसायचा’ असे छातीठोक सांगणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे ८२ वर्षांचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सीबीआयच्या नावाने टोळीने गाठले. स्काइपवर अहोरात्र नजरेखाली ठेवले आणि सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीही भरवली. तिथे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड म्हणून भलताच कोणी बोलला. ७ कोटी रुपये गेले. अशा फोनवर आधी भीती घालतात, मग घाई करतात, आणि ‘कोणाशी बोललात तर खबरदार’ असे बजावतात. मला यातले शेवटचे सर्वांत घातक वाटते. घाबरलेल्याला न सुचणारा प्रश्न शेजाऱ्याला चटकन सुचतो, म्हणून शेजाऱ्यालाच दूर ठेवायचे. असे फोनवरच ‘अटकेत’ ठेवण्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात; तशी तरतूद आपल्या कायद्यात मुळातच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात हे एकटेपण टोळ्यांना आयतेच मिळते. लांजा, राजापूर, गुहागरकडच्या कितीतरी वाड्यांमधून मोठ्या घरात दोनच म्हातारी माणसे, मुले मुंबई-पुण्याला. पूर्वी मुंबईची मनीऑर्डर पोस्टमन हातात ठेवी. तो घराला आणि घर त्याला ओळखून असे. आता पेन्शन, आंब्याचे पैसे, मुलाने धाडलेले पैसे, सगळे फोनमधून हाताळायचे, आणि समोरचा कोण हे ओळखायचे काम एकट्या आजी-आजोबांवर आले. ‘आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर बोला’ असा महावितरणच्या नावाचा निरोप किंवा वाहनाच्या दंडाची म्हणून आलेली एपीके फाइल याच घरांत पोचते.

‘सावध राहा’ एवढ्याने भागत नाही, कारण फोनवरचा माणूस पहिला घाला सावधपणावरच घालतो. नियम आधी, शांत डोक्याने ठरलेला हवा. आलेला फोन ठेवायचा आणि पासबुकावर किंवा वीजबिलावर छापलेल्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. कंपन्यांनी मोठ्या रकमेला दुसऱ्याचा होकार सक्तीचा करावा, मग हुकूम खुद्द मालकाचा का असेना. तरीही पैसे गेलेच, तर तडक सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावावा. चोर ते भाड्याच्या खात्यांतून झपाट्याने पुढे सरकवतात; तक्रार वेळेत गेली तर बँकांना ते मध्येच अडवता येतात. लाजेने रात्र काढली की ती संधी हुकते.

गणपतीला मुंबईकर गावी येतात, तेव्हा याचा सराव करावा. असा फोन येईल हे आजोबांना आधी सांगून ठेवायचे. मग एखाद्या दुपारी नातवाने नव्या नंबरवरून बँकेचा मॅनेजर होऊन फोन लावायचा आणि आवाज चढवायचा. ‘मी शाखेत विचारतो’ म्हणून आजोबांनी फोन ठेवला तर उत्तम. बोलत राहिले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.