व्यायामशाळेतील आवाज आणि आपली सहनशीलता



वसंत व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांची चर्चा होते. त्या मानाने माझा विषय अगदी लहान आहे. व्यायामशाळेत वजन उचलताना काही माणसे मोठ्याने हुंकार देतात, कण्हतात, ओरडतात आणि उचललेले वजन धाडकन खाली टाकतात. शेजारी व्यायाम करणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. अशा वेळी कोणी काय सोसावे आणि कोणी काय आवरावे, एवढाच प्रश्न आहे.

माझे आयुष्य हमाल, सफाई कामगार आणि कंत्राटी मजूर यांच्या संघटनेत गेले. एका छपराखाली चार माणसांनी कसे वागावे, नियम कोणी करावेत आणि त्या नियमाचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, हे प्रश्न मला रोज भेटतात. व्यायामशाळेच्या तंट्यातही मला तेच प्रश्न दिसले. म्हणून या विषयाची जी माहिती मी वाचून आणि पाहून गोळा केली, ती आपणांपुढे ठेवतो.

तालीम गेली, जिम आली

आपल्या जुन्या तालमीत आवाज नव्हता असे कोणी समजू नये. शड्डू घुमत असत, जोर-बैठकांची मोजणी मोठ्याने चाले, आणि लढतीत पैलवानाचा श्वास बाहेर रस्त्यावर ऐकू येई. परंतु तेथे वस्ताद होता. कोणाचा आवाज मेहनतीचा आणि कोणाचा मस्तीचा, हे त्याला पाठमोरे असतानाही कळत असे. चपला बाहेर काढाव्यात, मारुतीला नमस्कार करावा, माती कपाळी लावावी, हौद्यात शिवी देऊ नये, हे नियम कोठे लिहिलेले नसत. पण ते मोडण्याची छाती कोणाला नव्हती. शिवाय पायाखाली मऊ माती होती. पडणाऱ्या माणसाचा आवाज ती गिळून टाकी.

आजच्या जिममध्ये खाली फरशी, भिंतीला आरसे आणि हातात लोखंड. खालच्या मजल्यावर दुकान आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाडे. वस्तादाच्या जागी महिन्याची फी आली. सकाळी एकाच वेळी कॉलेजातला मुलगा, निवृत्त शिक्षक, रक्तदाबाचा रोगी, नोकरीला जाणारी बाई आणि स्पर्धेची तयारी करणारा वजन-उचल्या एकाच खोलीत येतात. त्यांची एकमेकांशी ओळख नसते. स्त्रिया व्यायामाला येऊ लागल्या ही तर फार चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे वागण्याची रीत नव्याने ठरवावी लागते, आणि ती ठरविण्याचे काम अद्याप कोणी अंगावर घेतलेले नाही.

आवाज येतो कोठून?

प्रथम हे समजून घेऊ की माणूस ओरडतो का. आपण जड पेटी उचलायला वाकतो तेव्हा नकळत श्वास आत घेऊन तो रोखून धरतो. गळ्यातले दार बंद होते, छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळले जातात, पोटातील दाब वाढतो आणि पाठीच्या कण्याला आतून आधार मिळतो. हवा भरलेले टायर जसे भार पेलते, तसेच हे आहे. आंतोनियो वाल्साल्वा (१६६६–१७२३) या इटालियन वैद्याच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. जोराच्या अखेरच्या क्षणी ते दार किंचित उघडते, कोंडलेली हवा फटीतून निसटते, स्वरतंतू थरथरतात आणि हुंकार उमटतो. म्हणजे त्या आवाजाचे मूळ शरीरातच आहे, माणसाच्या उद्धटपणात नव्हे.

श्वास कोंडून धरण्याची किंमतही असते. कॅनडातील संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब धमनीत नळी घालून मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा रक्तदाब साधारण १२०/८० असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. म्हणूनच रक्तदाब असणाऱ्यांना सांगतात की वजन ढकलताना श्वास कोंडू नका, सोडा. शेजारच्या माणसाचा मोठा सुस्कारा ऐकू आला, तर कदाचित तो आपल्या डॉक्टरांचाच सल्ला पाळत असेल.

ओरडल्याने खरोखर जोर वाढतो काय? मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांचा १९६१ सालचा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. कोपर वाकविणाऱ्या स्नायूंचा जोर त्यांनी मोजला. माणसाने स्वतः ओरडून जोर केला तेव्हा तो सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. पाठीमागे अचानक पिस्तुलाचा बार काढला तेव्हा तो सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. आपली सगळी ताकद आपण एरवी वापरतच नाही, मन तिला आवरून धरते, आणि ओरडण्याने ते आवरण क्षणभर सैल होते, असा याचा अर्थ.

हमालांना हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. चार जण मिळून यंत्र सरकवताना 'हैश्शा' म्हणतात, तेव्हा त्या हाळीने जोर येतो आणि चौघांचा जोर एकाच क्षणी लागतो. मोटेवरची गाणी, शेतातली भलरी, जात्यावरची ओवी ही सारी याच घराण्यातली. आपल्या समाजाने श्रमाच्या आवाजाला गाण्याचा मान दिला होता, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाजू

परंतु एकाला बळ देणारा आवाज दुसऱ्याला अडचणीचा होऊ शकतो. १९९२ साली विंबल्डनमध्ये मोनिका सेलेस या टेनिसपटूच्या प्रत्येक फटक्याबरोबरच्या ओरडण्याबद्दल उपान्त्य सामन्यात मार्टिना नवरातिलोव्हाने तक्रार केली. अंतिम सामन्यात सेलेस बरीचशी गप्प राहून खेळली, आणि स्टेफी ग्राफकडून ६–२, ६–१ अशी हरली. ती गप्प राहिल्यामुळेच हरली असे मी म्हणणार नाही. ग्राफ काही सामान्य खेळाडू नव्हती. पण प्रतिस्पर्ध्यांची तक्रारही खोटी नव्हती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टेनिसच्या फटक्याबरोबर मोठा आवाज ऐकविला, तेव्हा पाहणाऱ्यांना चेंडूची दिशा ओळखायला सेकंदाचे काही शतांश जास्त लागले आणि त्यांच्या चुकाही वाढल्या.

तेव्हा दोघांचेही म्हणणे खरे आहे. व्यायामशाळेत एकाला शेवटचा जोर लावताना हुंकार हवा असतो, आणि त्याच क्षणी शेजारच्याच्या डोक्यावर तोललेले वजन त्या आवाजाने दचकून डगमगू शकते. यातून वाट काढायची तर सगळे आवाज एकाच दावणीला बांधून चालणार नाही.

आवाजांची निवड

पहिला आवाज आदळण्याचा. माझ्या पाहणीत निम्म्याहून अधिक तक्रारी याच्या असतात, पण लोक नाव मात्र ओरडण्याचे घेतात. भारोत्तोलनाच्या स्पर्धेत डोक्यावर नेलेला बार पंचांच्या खुणेनंतर खाली सोडतात, कारण एवढे वजन हळूहळू उतरवताना खांदा आणि पाठ दुखावण्याचा धोका असतो. पण तेथे प्लेटी रबराच्या असतात, खाली खास लाकडी मंच असतो, आणि खेळाडूला बार खांद्याच्या खाली येईपर्यंत हाताने सोबत द्यावी लागते. साध्या फरशीवर लोखंडी डंबेल टाकून देण्याला हा दाखला लागू पडत नाही. त्याने फरशी फुटते, डंबेलचा दांडा सैल होतो, ते उसळून शेजाऱ्याच्या पायावर येऊ शकते, आणि तो हादरा स्लॅबमधून खालच्या बिऱ्हाडापर्यंत पोचतो. तोंडचा आवाज खिडकी लावून अडवता येतो. हा अडवता येत नाही.

दुसरा आवाज श्वासाचा आणि हुंकाराचा. तो क्षणाचा असतो, जोराबरोबर येतो आणि जोराबरोबर जातो. हा सोसावा.

तिसरा आवाज बढाईचा. हलके वजन आणि मोठी आरोळी, प्रत्येक आरोळीनंतर आरशातून कोण पाहते याची चाचपणी, सोबत शिव्या आणि मित्रांच्या आरोळ्या. याचा व्यायामाशी संबंध नाही. एखादी स्त्री किंवा नवखा मुलगा यामुळे कोपऱ्यात दबून जातो, आणि महिन्याभराने येईनासा होतो. हा सोसणे म्हणजे सहनशीलता नव्हे, तो भित्रेपणा होय.

चौथा आवाज खुद्द चालकाचा, म्हणजे भिंतीवरच्या कर्ण्याचा. तो इतका मोठा असतो की माणसांना त्यावर ओरडूनच बोलावे लागते. गंमत अशी की याची तक्रार कोणी लेखी देत नाही.

भोंग्याचा उपाय

अमेरिकेत प्लॅनेट फिटनेस नावाची, १९९२ साली सुरू झालेली व्यायामशाळांची मोठी साखळी आहे. नवख्या माणसाला संकोच वाटू नये म्हणून तिने आपल्या शाळांत भोंगा बसविला. कोणी मोठ्याने कण्हले किंवा वजन आदळले की तो वाजे. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका सभासदाला कण्हल्याबद्दल बाहेर काढण्यात आले, आणि त्यासाठी पोलीस बोलावले गेले, ही गोष्ट तेथल्या वर्तमानपत्रांत गाजली होती.

नवख्याला निर्भय वाटावे हा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण उपाय पाहा. एका माणसाची लाज दुसऱ्या माणसाला सगळ्यांदेखत लाजवून दूर करायची, आणि आवाज बंद करण्यासाठी त्याहून मोठा आवाज करायचा! गिरणीचा भोंगा निदान सगळ्यांसाठी सारखा वाजत असे.

आमच्या गावची हकिगत

आमच्या गावात एक सार्वजनिक व्यायामशाळा आहे. काही वर्षांपूर्वी तेथील सकाळच्या सभासदांनी सह्यांचा अर्ज केला की आरडाओरड करणाऱ्यांना काढून टाकावे. अर्जात नावे नव्हती, पण रोख बाजारातल्या तरुण हमालांवर आहे हे सर्वांना ठाऊक होते. ती मुले आमच्या संघटनेची, म्हणून मला बोलावणे आले.

आम्ही दोन संध्याकाळी बसलो. पहिल्या दिवशी एक मुलगा मला म्हणाला, "भाऊ, दिवसभर पोती टाकताना मी असाच आवाज करतो. तिथे कुणाला त्रास होत नाही. इथे फी भरून आलो तर होतो." या वाक्याला त्या सभेत कोणापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी एक शिक्षिका बोलल्या. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, दम लागल्याचा आवाज मला चालतो. माझ्या शेजारी येऊन, माझ्याकडे बघून काढलेला आवाज मला नको." यावर मुलांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातलाच एक जण तसे करीत होता, आणि ते त्यांना माहीत होते.

मग आम्ही तक्रारी एकेक करून लिहून काढल्या. सर्वांत जास्त निघाल्या फरशीवर पडणाऱ्या लोखंडाच्या, त्याखालोखाल कर्ण्याच्या, नंतर शिव्यांच्या. नुसत्या हुंकाराविरुद्ध फक्त दोन निघाल्या. एका कोपऱ्यात जाड रबर अंथरून जड वजनाची जागा ठरली, कर्णा उतरवला गेला, आणि शिवी देणाऱ्याला त्या दिवसापुरते घरी पाठवावे असे ठरले. तंटा मिटला. मात्र पोत्यांविषयी बोललेला तो मुलगा अर्ज झाल्याचे कळल्यापासून दुखावला होता. तो पुन्हा आला नाही. नियम उशिरा शहाणा झाला की त्याची किंमत अशी कोणीतरी एकटाच देतो.

कोणी काय करावे

कारखान्यातल्या गोंगाटाविषयी आम्ही संघटनेत एक क्रम शिकतो. आधी यंत्राचा आवाज कमी करा, मग आवाज आणि माणूस यांच्यात आड घाला, आणि सर्वांत शेवटी कामगाराला कानात बोळे घालायला सांगा. मालक बहुधा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करू पाहतो. व्यायामशाळेतही पहिले कर्तव्य चालकाचे आहे: रबर अंथरावे, जड वजनाची जागा निराळी करावी, कर्णा आवरावा. वस्तीत व्यायामशाळा असेल तर शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे.

वजन उचलणाऱ्याने उचलता येईल इतकेच नव्हे, तर उतरवता येईल इतके वजन घ्यावे. जोर लावण्यापूर्वी शेजारी कोणी अडचणीच्या अवस्थेत नाही ना, हे पाहावे. प्लेटी जागच्या जागी ठेवाव्यात, बाकावरचा घाम पुसावा, विसावा घेताना दुसऱ्याला पाळी द्यावी. हे करणाऱ्याचा हुंकार लोक सहज सोसतात, असा माझा अनुभव आहे.

इतरांनी काय करावे? तक्रार असेल तर ती माणसाशी बोलून करावी, तीही त्याचा व्यायाम संपल्यावर. बहुतेकांना आपला आवाज किती जातो हे ठाऊकच नसते. आणि तक्रार लिहिण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारावी: मला त्रास आवाजाचा होतो आहे, की तो काढणाऱ्या माणसाचा? हाच आवाज एखाद्या पदकविजेत्याने काढला असता तर मी कौतुकाने पाहिले असते काय? २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळविणाऱ्या सांगलीच्या संकेत सरगरच्या वडिलांची पानाची टपरी होती. अशी मुले साध्या व्यायामशाळांतूनच वर येतात. त्यांना दारातून परत पाठविण्याआधी आपण आपला कान नीट तपासून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.