आपल्या पायाखालच्या दगडाचे वय



आपल्या माळव्यात पायासाठी खणले की आधी काळी माती लागते आणि तिच्याखाली काळा दगड. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. येथून थेट सह्याद्रीपर्यंत त्याचे थरावर थर पसरले आहेत. तो केव्हा वाहिला, हे कसे कळते?

यासाठी उपयोगी पडतो झिरकॉन नावाचा, मिठाच्या कणाहूनही बारीक स्फटिक. वितळलेल्या खडकात तयार होताना तो युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. पुढे त्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत राहते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ला सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळे! दोन्हींची वेळ जुळली, तर उत्तर भरवशाचे.

पर्वत घडताना खडक खोल दाबले जातात, तापतात, काही वितळतातही. झिरकॉन मात्र सहसा टिकतो आणि त्याच्याभोवती नवे कवच चढते. गाभा व कवच वेगवेगळे मोजले की खडकाचा जन्म आणि पर्वताची घडण, दोन्हींचा काळ समजतो. बुंदेलखंडातील बराचसा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे अशाच कणांवरून कळले.

बेसाल्टात झिरकॉन क्वचितच सापडतो. पण लाव्हाच्या दोन थरांमधील तांबड्या मातीत ज्वालामुखीची राख मिसळलेली असते. तिच्यात तो मिळतो. प्रिन्स्टन व अमरावती विद्यापीठांतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील असे कण मोजले. मुख्य उद्रेक डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षे चालला, असे त्यांनी २०१५ मध्ये मांडले. २०२० मध्ये माळव्यातील कणांचेही वय प्रसिद्ध झाले. येथील लाव्हा दख्खनच्या सुरुवातीच्या उद्रेकांपैकी आहे.

एवढी बारीक मोजणी कशासाठी? डायनोसॉर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नष्ट झाले. पूर्वीच्या मोजणीत कित्येक लाख वर्षांची चूक संभवत असे. मग उद्रेक आधीचा की नंतरचा, हेच ठरत नसे. आता तो आधी सुरू झाला हे कळले. पण घात उल्केने केला की लाव्हानेही हातभार लावला, यावर अजून एकमत नाही.

मांडूच्या सहलीला जाल तेव्हा रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराकडे पाहा. दोन काळ्या थरांमध्ये तांबडी पट्टी दिसली, तर गुरुजींना जरूर दाखवा.