काचेतला दिवा आणि गिटारचा सूर

एखाद्या कवीनं विजेच्या यंत्रावर बोलायचं म्हणजे न्हाव्यानं शेतीवर बोलण्यासारखं आहे. मी बी.ए. झालेला माणूस. घरातला फ्यूज उडाला तर शेजाऱ्याला हाक मारतो. पण गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं मला अमरावतीहून अकोल्याला सात खेपा घालायला लावल्या. त्या खेपांमध्ये एका जुन्या यंत्राबद्दल मी जे शिकलो, ते माझ्या कवितेच्याही कामाचं निघालं. म्हणून हे धाडस.

भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि गिटार वाजवतो. विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारेखाली चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. तिथून अगदी क्षीण वीज निघते, ती ॲम्प्लिफायरनं मोठी करायची आणि स्पीकरला द्यायची. भाच्याला साधा ॲम्प्लिफायर नको होता. त्याला हवा होता १९५०च्या दशकात बनत तसा, काचेच्या व्हॉल्व्हचा. परदेशात असे हातानं बनवलेले ॲम्प्लिफायर आजही मिळतात, पण किंमत लाखाच्या घरात. तेव्हा त्याची नजर माळ्यावर गेली.

"मामू, नानांचा रेडिओ द्या ना. त्यात व्हॉल्व्ह आहेत, स्पीकर आहे. फक्त गिटारची पिन लावायची."

माळ्यावर माझ्या अब्बांचा रेडिओ होता. लाकडी पेटी, पुढे कापडी जाळी, काचेवर गावांची नावं. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, तो लावला की आवाज लगेच येत नसे. आधी काचेमागचा दिवा लागायचा, मग अर्धा मिनिट शांतता, मग दुरून कुणी बोलत येतंय असा आवाज. घरातली सगळी माणसं ते अर्धं मिनिट गप्प बसत. अब्बा गेल्यानंतर त्या रेडिओला कुणी हात लावला नव्हता. मी रेडिओ काढून दिला खरा, पण एक अट घातली. आधी जाणकाराला दाखवायचा.

जाणकार अकोल्यात निघाले. टिळक रोडला लागून असलेल्या एका गल्लीत सत्तरी ओलांडलेले एक रेडिओ मिस्त्री अजून दुकान उघडून बसतात. मुलानं मोबाइलचं दुकान टाकलं आहे, त्याच्याच मागच्या खोलीत यांचं टेबल. त्यांनी रेडिओची पाठ उघडली, बॅटरीचा उजेड आत टाकला आणि भाच्याकडे न पाहता मला विचारलं, "भाऊ, पोराले गिटार वाजवाचं हाय का मराचं हाय?"

मी चरकलो. मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. आत एक तार तापते. तिच्याभोवतीची धातूची नळी, म्हणजे कॅथोड, तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे, प्लेटकडे, धाव घेतात. मधे एक बारीक जाळी असते. या जाळीवर थोडासा विद्युतदाब कमीजास्त केला की पलीकडे जाणारा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. शेतात पाटाच्या तोंडाशी माणूस फावड्यानं मूठभर माती सारतो आणि वावरभर पाणी वळतं, तसंच हे. दोन टोकांची नळी फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात तिसरी, जाळीची वस्तू घातली. रेडिओ, बोलपट, लाऊडस्पीकर हे सगळं त्या जाळीतून आलं. ती तार तापायला वेळ लागतो. आमच्या घरातलं अर्धं मिनिट तेच होतं.

आता मरणाचा प्रश्न. व्हॉल्व्हला अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब लागतो. चांगल्या संचात घरची वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि तिथून वेगळी होऊन पुढे येते. पण एके काळी काही गावांत आजच्यासारखी एसी वीज नव्हती, डीसी होती. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून दोन्ही विजांवर चालणारे रेडिओ बनवले जात. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसे आणि आतला लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसिस, थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असे. स्वस्त पडतात म्हणून ते पुढेही खपत राहिले. बाहेर लाकडी पेटी आणि प्लास्टिकची बटणं असल्यामुळे ऐकणाऱ्याचा चेसिसशी संबंध येत नसे. अब्बांचा रेडिओ तसाच होता.

गिटारच्या धातूच्या तारा मात्र केबलमधून चेसिसलाच जोडल्या जातात. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की गिटारच्या तारांवर हात म्हणजे खांबावरच्या तारेवर हात. इंटरनेटवर बघून असा प्रयोग करणारी पोरं असतील, तर त्यांच्या आईबापांसाठी हे मुद्दाम सांगतो. ज्या संचात मेन ट्रान्सफॉर्मर नाही, त्याला गिटार लावू नये.

असा संच ओळखायचा कसा? मिस्त्रीकाकांनी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचायला शिकवली. युरोपीय पद्धतीच्या नावात पहिलं अक्षर तापणाऱ्या तारेचं. 'यू' असेल तर त्या तारा एकामागून एक माळेसारख्या ओवलेल्या असतात. हे बहुतेक बिनट्रान्सफॉर्मरच्या संचाचं लक्षण. 'ई' असेल तर तारेला ६.३ व्होल्ट लागतात आणि ते ट्रान्सफॉर्मरमधून येतात. पुढची अक्षरं कामाची. 'सी' म्हणजे तीन टोकांचा, दोन 'सी' म्हणजे एका काचेत असे दोन. 'एल' म्हणजे स्पीकरला जोर देणारा. 'झेड' म्हणजे एसीची डीसी करणारा. आकड्यातला आठ म्हणजे नऊ पायांची छोटी बैठक. ईसीसी ८३, ईएल ८४, ईझेड ८० ही नावं मला आधी रेल्वेच्या डब्यांवरच्या आकड्यांसारखी वाटत होती. आता ती वाचता येतात.

तेव्हा ठरलं की अब्बांचा रेडिओ रेडिओच राहील आणि ॲम्प्लिफायर नव्यानं बनेल. याच तीन व्हॉल्व्हचा, साधारण पाच वॅटचा. आजच्या डीजेच्या भिंतीपुढे पाच वॅट म्हणजे काहीच नाही, पण खोलीतल्या गिटारला पुरून उरतात. व्हॉल्व्ह काकांच्या बिस्किटाच्या डब्यात निघाले, कागदात गुंडाळलेले. त्यांवर 'बीईएल' असं छापलेलं होतं. १९५४ साली बेंगळुरूला स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं हॉलंडच्या फिलिप्सच्या सहकार्यानं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते. ते उत्पादन केव्हाच थांबलं. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात. आपल्याकडे भंगारात गेलेले बीईएलचे व्हॉल्व्ह परदेशातले गिटारवाले मात्र शोधून विकत घेतात.

इथून खरा वाद सुरू झाला. भाच्याजवळ यादी होती. जुना आवाज हवा तर सुटे भागही त्या काळचेच हवेत, असं त्याचं म्हणणं. मेणकागदाचे कंडेन्सर, कार्बनचे जुने रेझिस्टन्स, कापडी वेष्टनाची तार, सगळं तसंच. काकांनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, "जुनं हाय म्हनून सारंच पूजाचं नसते, बेटा. जुन्यानं काय काम केलं ते पाहाचं."

त्यांनी तीन ढीग केले. पहिला ढीग जे फेकायचं त्याचा. मेणकागदाचा कंडेन्सर वयानं पाझरतो. त्याचं काम प्लेटचा मोठा दाब अडवून फक्त सूर पुढे सोडायचं. तो पाझरला की पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो दाब येतो, व्हॉल्व्हचा पत्रा लाल होतो आणि व्हॉल्व्ह जातो. विजेची खरखर गाळणारे मोठे कंडेन्सर वाळून जातात. कार्बनचे रेझिस्टन्स दमट हवेनं आणि उष्णतेनं आपली किंमत सोडतात. हे सगळं नवं घ्यायचं. दुसरा ढीग जे तेव्हा नव्हतं पण आज हवंच त्याचा. तीन पिनांचा प्लग, पक्कं अर्थिंग, फ्यूज, आणि बंद केल्यावर कंडेन्सरमधली वीज हळूहळू रिकामी करणारा रेझिस्टन्स. संच बंद करून पिन काढली तरी कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहू शकते, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिसरा ढीग जपायचा. मूळ आराखडा, व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर. आवाज बहुतेक तिथे असतो.

भाच्याचा चेहरा उतरला. परतीच्या गाडीत त्यानंच मला लिओ फेंडरची गोष्ट सांगितली आणि ती सांगता सांगता स्वतःच गप्प झाला. फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्यानं दुकान टाकलं, पुढे ॲम्प्लिफायर बनवू लागला. रेडिओच्या बाजारात सहज मिळणारे व्हॉल्व्ह आणि सुटे भागच त्यानं वापरले. पेटीला लावलं ते कापड प्रवासी बॅगांना लागणारं. आज ज्याला लोक अस्सल म्हणून सोन्याच्या भावानं घेतात, ते त्याच्यासाठी हाताशी असलेलं सामान होतं. पुढे लंडनमध्ये जिम मार्शल या वाद्यांच्या दुकानदारानं १९६२ मध्ये फेंडरचाच एक आराखडा समोर ठेवून आपला ॲम्प्लिफायर बनवला. पण स्पीकर इंग्लंडचे, आणि पुढे व्हॉल्व्हही तिथे सहज मिळणारे. आराखडा तोच, आवाज निराळा. त्या आवाजावर रॉक संगीताची एक पिढी उभी राहिली.

मला मूर्तिजापूर येईपर्यंत सुरेश भट आठवत होते. ते आमच्या अमरावतीचे, जन्म १९३२. गझलचा आराखडा त्यांनी काटेकोर ठेवला. वृत्त, काफिया, रदीफ यांत सूट नाही. पण आत भरली ती इथली मराठी, इथल्या मातीची. फारसीतली गुलाब-बुलबुल जशीच्या तशी आणून ठेवली असती तर मराठीत गझल रुजली नसती. मी घरी वऱ्हाडी वळणाची उर्दू बोलतो आणि लिहितो मराठीत. अस्सल काय आणि उसनं काय, हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे. त्याचं उत्तर एक मिस्त्री तीन ढिगांत देईल, असं मला वाटलं नव्हतं. साचा पाळा, सामान आपलं घ्या, आणि सडलेलं जपू नका.

तेव्हा आम्ही सामान इथलंच घेतलं. स्पीकरकडे जाणारा ट्रान्सफॉर्मर शेतीच्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानात गुंडाळून घेतला. ईएल ८४ ला पाच हजार ओहमचा भार हवा आणि स्पीकर आठ ओहमचा, म्हणून एका बाजूला पंचवीस वेढे तर दुसऱ्या बाजूला एक, असं प्रमाण. वेढे बरोबर होते, तरी आवाज पातळ आला, खर्ज गायब. काकांनी ट्रान्सफॉर्मर खोलला. कारागिरानं नेहमीच्या सवयीनं पत्र्या एकाआड एक उलटसुलट बसवल्या होत्या. पण इथे तारेतून सतत डीसी वाहते; तशा बसवलेल्या पत्र्या तिच्यानंच भरून जातात आणि सुराला जागा उरत नाही. काकांनी 'ई' आकाराच्या सगळ्या पत्र्या एका बाजूला घेतल्या, 'आय' दुसऱ्या बाजूला, आणि मधे वहीचा कागद ठेवला. कागदाएवढ्या फटीनं खर्ज परत आला.

सातव्या खेपेला संच लावला. आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे मधे शंभर वॅटचा बल्ब ठेवून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि संच वाचतो. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. काकांनी भाच्याचा डावा हात धरून त्याच्याच खिशात घातला. "एकच हात बाहेर. दोन्ही हातानं धरलं तं करंट छातीतून जाते."

अर्धा मिनिट आम्ही तिघं गप्प बसलो. व्हॉल्व्हमध्ये केशरी ठिणगी दिसू लागली. मग भाच्यानं तार छेडली. हळू वाजवली तर आवाज स्वच्छ, जोरात वाजवली तर किंचित फाटलेला, पण कानाला न बोचणारा. याचं कारणही आहे. ट्रान्झिस्टरचा साधा संच ताकद संपली की सुराचा माथा कापून टाकतो. व्हॉल्व्ह तो माथा हळूहळू गोल करतो. शिवाय अशा एकाच व्हॉल्व्हच्या संचात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट कंपनांचा सूर मिसळतो. म्हणजे 'सा' बरोबर वरचा 'सा'. यंत्राच्या दृष्टीनं तो दोष आहे. कानाच्या दृष्टीनं ती साथ आहे.

निघताना काकांनी पैसे घेतले, व्हॉल्व्हचे आणि मजुरीचे, वाजवी. मग सुताराची पेन्सिल भाच्याच्या हातात दिली आणि पेटीच्या आतल्या बाजूला लिहायला लावलं. कुठे किती व्होल्ट मोजले, ट्रान्सफॉर्मरला किती वेढे, कागद कुठे ठेवला.

"कोनासाठी, काका?" मी विचारलं.

"अजून तीस-चाळीस वर्सानं कोनी खोलीन ना. तवा मी नसन. त्याले कोन सांगीन?"

भाच्यानं सगळं मराठीत लिहिलं. शेवटची ओळ काकांनी सांगितली आणि ती त्यानं मोठ्या अक्षरांत काढली: आधी कंडेन्सर रिकामा करावा, मगच हात घालावा.